दगडी खिडकीच्या चौकटीवरची ओल आणि बुरशी
आधी ओल कुठून येते ते तपासा. दगड कोरडा पुसून त्यावर तळहाताएवढं प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा, २ दिवस ठेवा. खोलीच्या बाजूने थेंब दिसले तर हवेतली वाफ गार दगडावर जमतेय. प्लास्टिकच्या मागे ओल आली तर पाणी भिंतीतून झिरपतंय. तेव्हा सांधे चुन्यानेच भरावेत. सिमेंट आणि ऑइलपेंट ओल आत कोंडतात, मग दगडाचे पापुद्रे सुटतात.

वाफेवर उपाय: आर्द्रता ६० टक्क्यांखाली, रोज दोनदा ५-१० मिनिटं खिडक्या सताड उघड्या, पडदा दगडापासून चार बोटं लांब.

बुरशी कोरडी घासू नका, बीजाणू उडतात. ७० टक्के अल्कोहोलने भिजवलेल्या फडक्याने पुसा. जवळपास ज्योत नको. व्हिनेगर तर नकोच, चुनखडी आणि संगमरवर त्याने झिजतात.