क्रोशाच्या पांघरुणाची लहरणारी किनार

नागपूरच्या डिसेंबरातल्या रात्रींसाठी जाड लोकरीचं पांघरूण विणलं. 9 मिमीची सुई, सगळे खांब (सुईवर एक वेढा घेऊन विणलेले उंच टाके). मधला भाग सुरेख सपाट, पण उभ्या बाजूंची किनार झालरीसारखी लहरायला लागली. कारण टाक्यांची गर्दी: दर ओळीच्या टोकात दोन मुके खांब (वेढा न घेता विणलेले बुटके टाके) पडत होते. किनार उसवून दोन ओळींमागे तीनच घेतले. कोपऱ्यात मात्र एकाच टाक्यात तीन हवेतच, नाहीतर कोपरा आत ओढला जातो.

किनारीची ही पहिली फेरी, म्हणजे पाया, सपाट बसला, मग त्यावर शिंपल्यांच्या आकाराची नक्षी: एक मुका खांब, दोन टाके सोडून पुढच्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडायचे. त्यासाठी टाके 6च्या पटीत लागतात. कमी-जास्त काय ते पायाच्या फेरीतच जिरवा.

ॲक्रिलिक लोकरीवर इस्त्री नकोच, फुगीरपणा कायमचा जातो. ओलं करून सतरंजीवर पसरून वाळवा.