संत्र्याच्या आळ्यात सोयाबीनचे कुटार
नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडच्या भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल उडून जाते आणि आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्याची) बोराएवढी फळे गळू लागतात. म्हणून मळणीनंतरचे सोयाबीनचे कुटार (भुसा) न जाळता, जनावरांपुरते राखून, उरलेले फेब्रुवारीअखेर झाडाच्या घेरात 3-4 इंच जाडीने पसरावे. बुंध्याभोवती मात्र फूटभर जागा मोकळीच ठेवावी, कारण ओले कुटार सालीला चिकटून राहिले की डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) बळावतो, आणि त्यात हाताशी आलेले झाड जाण्याइतके मोठे नुकसान दुसरे नाही. पाणी देण्यापूर्वी कुटार सारून वीतभर खालची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा टिकत असेल तर पाळी पुढे ढकलावी. वाळवी लागली आहे का, हेही तेव्हाच तपासावे.