रेडिएटरच्या फॅनला डॅशबोर्डवर वेगळा स्विच कसा लावायचा

रेडिएटरचा फॅन कधी चालू करायचा ते ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) ठरवतो, जुन्या गाड्यांत रेडिएटरवरचा थर्मो स्विच (ठराविक तापमानाला आपोआप लागणारा), आणि बऱ्याच गाड्यांत फॅन ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास लागतो. चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर जायच्या आधीच फॅन लावता यावा म्हणून लोक स्विच टाकतात. पण ऑटोमॅटिक सिस्टीम काढून स्विच लावायचा नाही, तिच्या जोडीला पॅरलल लावायचा, म्हणजे तुम्ही विसरलात तरी गाडी आपलं काम करत राहते.

आधी बॉनेट उघडून फॅनच्या मोटरच्या वायरी बघा. दोन जाड वायरी असतील तर पुढे वाचा. दोन जाड आणि सोबत एक-दोन बारीक असतील तर बहुतेक स्पीड कंट्रोल करणारं मॉड्यूल मोटरमध्येच आहे, तिथे हा जुगाड करू नका. दोन स्पीडवाला फॅन असेल तर आधी वायरिंग डायग्राम मिळवा, अंदाजाने जोडू नका.

मग फॅनचं कनेक्टर काढून मल्टिमीटरने बघायचं की मोटरची कुठली वायर बॉडीला कायमची अर्थ (म्हणजे निगेटिव्हला जोडलेली) आहे. एक अर्थ आणि दुसरीला फॅन लागल्यावरच १२ व्होल्ट येत असतील तर काम सोपं आहे. उलटं असेल, म्हणजे पॉझिटिव्ह कायम आणि अर्थ रिलेतून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), तर खालची जोडणी तशीच करू नका, रिलेकडच्या वायरीला पॉझिटिव्ह दिला तर तो रिले लागताच सरळ शॉर्ट होईल.

फॅनचा करंट स्विचमधून न्यायचा नाही म्हणजे नाही. फॅन चालताना १०-२० अँपिअर सहज खातो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट, त्यात डॅशबोर्डवरचं छोटं बटण वितळतं. म्हणून चार पिनचा ४० अँपिअरचा रिले घ्या. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ४ स्क्वेअर एमएमची वायर, आणि त्यात बॅटरीच्या अगदी जवळ ३० अँपिअरचा फ्यूज, कारण फ्यूजच्या आधीचा वायरीचा तुकडा घासून बॉडीला लागला तर त्याला वाचवणारं काहीच नसतं. ८७ वरून तेवढीच जाड वायर फॅनच्या पॉझिटिव्हला. ८६ ला इग्निशन ऑन असतानाच येणारा सप्लाय, छोट्या फ्यूजमधून. ८५ वरून बारीक वायर केबिनमध्ये स्विचला आणि स्विचचं दुसरं टोक अर्थला. ८५-८६ मधली रिलेची कॉइल जेमतेम ०.२ अँपिअर घेते त्यामुळे इथे ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर भरपूर झाली. कॉइलवर, म्हणजे ८५ आणि ८६ मध्ये, १एन४००७ डायोड टाकला तर उत्तम (कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका तो खातो), डायोडवरची पट्टी ८६ कडे.

काम करताना बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला हवा, बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक फिरतो आणि बोटं तिथेच असतात. जॉइंटला नुसता पीळ मारून टेप लावणारे बघितले की डोकं फिरतं, इंजिनच्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो आणि आतली तांब्याची वायर काळी पडते, त्यापेक्षा नीट क्रिम्प करा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर रबर ग्रोमेटमधूनच काढा.

काही जण ऑटो बंद करणारा तीन पोझिशनचा स्विच लावतात, खोल पाण्यातून गाडी काढताना फॅनची पाती पाण्याच्या जोराने वाकून रेडिएटरला लागू नयेत म्हणून. तुम्ही खरंच पाण्यात गाडी घालत असाल तर ठीक, नाहीतर ते पाण्यानंतर परत ऑटोवर आणायचं राहिलं की इंजिन तापून हेड गॅस्केटचा खर्च. लावलाच तर सोबत लाल दिवा पाहिजे.

आणि काटा नेहमीच वर जात असेल तर आधी कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप बघा, स्विचने तो आजार जात नाही. उलट फॅन सतत लावला म्हणून इंजिन थंडगार पडेल ही भीती पण नको, थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो रेडिएटरकडे जाणारं पाणी आपणच कमी करतो.

शेवटी बॅटरी जोडा, चावी ऑन, स्विच दाबा, रिलेवर बोट ठेवलं तर टक् जाणवतं आणि फॅन सुटतो. पाच-दहा मिनिटं चालवून फ्यूज होल्डर आणि जॉइंटला हात लावून बघा, चटका बसला तर तो जॉइंट परत करा. मग स्विच ऑन ठेवूनच चावी काढा. इंजिन गार असताना फॅन लगेच थांबला पाहिजे, नाही थांबला तर ८६ ची वायर तुम्ही कायम सप्लायवर टाकली आहे.