मानेच्या ऑपरेशननंतरही मुंग्या येतात? या चुका टाळा

टाके सुकले, एक्स-रे चांगला आला, डॉक्टरही समाधानी आहेत. तरी बोटांत मुंग्या येतात, शर्टाचं बटण लागता लागत नाही. मग ‘ऑपरेशन फसलं’ असं वाटू लागतं. इतक्या लवकर असा निकाल लावणं ही सगळ्यात मोठी चूक.

ऑपरेशनने नसेवरचा दाब निघतो, पण दाबाने झालेली इजा त्याच दिवशी भरून येत नाही. नसेचा तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर बघा, म्हणजे वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ का लागतो ते कळेल. बहुधा हाताची कळ आधी थांबते, ताकद हळूहळू येते आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी कमी होतो. थोडा उरतोही. दाब नसेऐवजी पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवर असेल तर हिशेब वेगळा. तिथे बिघाड आणखी वाढू नये हाच ऑपरेशनचा मुख्य हेतू असतो. त्यापुढे जी सुधारणा होईल ती कमी-जास्त असते. म्हणून आपला दाब नेमका कशावर होता हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हे ठाऊक नसताना दुसऱ्याच्या ऑपरेशनशी तुलना करून माणसं उगाच खचतात, याचं फार वाईट वाटतं.

बोटं रोज चिमटे काढून तपासू नका. महिन्यातून एकदा लिहून ठेवा: बटण लागतं का, अक्षर कसं येतं, जिना चढताना तोल जातो का. रोज न दिसणारा फरक अशा नोंदीत दिसतो.

बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस कण्हत काढायचे, हेही नेहमीचंच. त्या धसक्याने मग पडून राहणं सुरू होतं, तेही तितकंच वाईट. चालणं थोडं थोडं वाढवा. वजन किती उचलायचं आणि मानेचा पट्टा (कॉलर) कधी काढायचा हे सर्जनने सांगितलं तसंच. कॉलर उगाच जास्त दिवस लावली तर मानेचे स्नायू दुबळे होतात. मालिशवाल्याकडून मान कटकन मोडून घेणं मात्र साफ नको. मणके जोडले असतील तर तंबाखू आणि सिगारेटही सोडा, त्यांनी हाड जुळायला अडथळा येतो.

नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन ही औषधं मनाने एकदम बंद करू नका. डोस टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो. बधिर हाताने गरम भांडं धरू नका, चटका बसल्याचं उशिरा कळतं. शिवाय प्रत्येक मुंगीचा दोष मानेला देऊ नका. बी-१२ ची कमतरता, मधुमेह किंवा मनगटात दबलेली नस यांनीही हात बधिरतो, आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

धीर धरायचा तो जुन्या, हळूहळू ओसरणाऱ्या त्रासाबाबत. हाता-पायात नव्याने अशक्तपणा आला, चालताना तोल जाऊ लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला गाठा. मान सुजून श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थेट इमर्जन्सीत जा.