डेबियनवर स्वतःच्या सेटिंग्ज पॅकेजमधून कशा पाठवायच्या

वीस-पंचवीस सर्व्हरवर एकच सेटिंग लावायची असेल तर प्रत्येक मशीनवर जाऊन फाइल एडिट करत बसू नका, छोटं डेब पॅकेज (डेबियनवर इन्स्टॉल करता येणारी फाइल) बनवा. कोणत्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे हे मग डीपीकेजीच (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) सांगतं. इथे उदाहरण एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याची सोय) घेऊ: पासवर्डने लॉगिन बंद करायचं आहे.

एसएसएचडीची (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम) मूळ एसएसएचडी_कॉन्फिग फाइल आपल्या पॅकेजात घालू नका. दुसऱ्या पॅकेजच्या मालकीची फाइल घातली की डीपीकेजी एरवी ‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ म्हणत इन्स्टॉल थांबवतं. ही फाइल मात्र यूसीएफ (कॉन्फिग फाइलींसाठीचं वेगळं साधन) सांभाळतं, त्यामुळे इथे तेवढीही ओरड होत नाही आणि भांडण पुढच्या ओपनएसएसएच अपग्रेडपर्यंत लांबतं. डीपीकेजी-डायव्हर्टने फाइल बाजूला सारण्याचा मार्ग आहे, पण कॉन्फफाइलवर (जिच्यातले हाताने केलेले बदल डीपीकेजी जपतं अशी सेटिंग्जची फाइल) तो वापरू नका असं डेबियन पॉलिसीच सांगते. जादा सेटिंग्जच्या फाइली ठेवायचं, ‘.डी’ने संपणारं फोल्डर जिथे नाहीच, तिथे कॉन्फिग-पॅकेज-डेव्ह हे साधन बघावं.

एसएसएचला असं फोल्डर आहे: /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी. त्यात जाणाऱ्या १०-ऑफिस.कॉन्फ या फाइलमध्ये दोन ओळी पुरतात:

पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो

दुसरी ओळ गाळली आणि पीएएम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) चालू असेल, तर पासवर्ड मागच्या दाराने विचारला जाऊ शकतो.

नावातला १० उगाच नाही. एसएसएचडी एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतो, नंतरच्या सोडून देतो. क्लाउड इमेजवर ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ अनेकदा आधीच बसलेली असते. तीत हीच सेटिंग असेल आणि तुमची फाइल ९० नंबरची असेल तर ती वाचली जाते पण लागू होत नाही. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज) नेमकं उलट, तिथे शेवटची किंमत जिंकते. नावाच्या शेवटाचंही तसंच: इथे ‘.कॉन्फ’ हवंच, तर सुडोअर्स.डीमध्ये (सुडोच्या परवानग्यांचं फोल्डर) नावात टिंब असलं की फाइल गुपचूप वगळली जाते.

आता पॅकेज. पॅकेजच्या सोर्समधल्या ‘डेबियन’ फोल्डरातल्या कंट्रोल फाइलमध्ये आर्किटेक्चर ‘ऑल’, डिपेंड्समध्ये ओपनएसएसएच-सर्व्हर आणि बिल्ड-डिपेंड्समध्ये डेबहेल्पर-कॉम्पॅट १३ ठेवा (डेबहेल्पर म्हणजे पॅकेज बांधायला मदत करणारं साधन). इन्स्टॉल फाइलमध्ये एकच ओळ: आधी फाइलचं नाव, मग ईटीसीपासूनचा मार्ग, सुरुवातीच्या स्लॅशशिवाय. चेंजलॉग आणि रूल्स नेहमीसारखेच. ईटीसीखाली जाणारी प्रत्येक फाइल डेबहेल्पर आपोआप कॉन्फफाइल ठरवतो. वेगळी यादी लिहायची गरज नाही. पासवर्ड किंवा खासगी की यात कधीही घालू नका, डेब फाइल कुणालाही उघडून वाचता येते.

पोस्टइन्स्टमध्ये (फाइली बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट), ‘कॉन्फिगर’ टप्प्यात, आधी ‘एसएसएचडी -टी’ चालवा (लहान टी) आणि ती पास झाली तरच एसएसएच सर्व्हिस रीलोड करा. तपासणी फसली तर पॅकेज अर्धवट कॉन्फिगर राहतं. राहू द्या, रीबूटनंतर सर्व्हरला मुकण्यापेक्षा ते परवडतं. पहिल्या मशीनवर इन्स्टॉल करताना दुसरं सेशन उघडं ठेवा.

डीपीकेजी-बिल्डपॅकेजने बांधून इन्स्टॉल केल्यावर ‘एसएसएचडी -टी’ पुन्हा चालवा, या वेळी मोठा टी. त्यात प्रत्यक्ष लागू असलेल्या किंमती छापल्या जातात. पासवर्डऑथेंटिकेशन अजून ‘येस’ दिसतंय? मग मूळ फाइलमध्ये ‘इन्क्लूड’ची ओळ आहे का ते बघा. डेबियन १० वरून अपग्रेड करताना कुणी जुनी फाइल तशीच ठेवली असेल, तर ती ओळ तिथे नसते आणि तुमचं फोल्डर कुणी वाचतच नाही.

कॉन्फफाइलचे नियम पुढे चावतात. कुणी तुमची फाइल हाताने बदलली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदललेली असेल, तर डीपीकेजी मध्येच प्रश्न विचारतं. विनादेखरेख अपग्रेडमध्ये फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय द्या. कुणी फाइल उडवली असेल तर अपग्रेड ती परत आणत नाही. त्यासाठी फोर्स-कॉन्फमिस लागतं. फाइलचं नाव बदलायचं असेल तर ‘डेबियन’ फोल्डरातल्या मेंटस्क्रिप्ट फाइलमध्ये ‘एमव्ही_कॉन्फफाइल’ची ओळ लिहा, नाहीतर जुनी आणि नवी दोन्ही पडून राहतात आणि जिचं नाव क्रमाने आधी येतं तिचं चालतं.

आणि पॅकेज नुसतं ‘रिमूव्ह’ केल्याने सेटिंग जात नाही. कॉन्फफाइल जागेवरच राहते, एसएसएचडी ती वाचत राहतो. ‘पर्ज’ करा (कॉन्फफाइलसकट काढा), मग सर्व्हिस रीलोड करा.