स्पॅनिश करारनामा, स्लोव्हाक सही: योग्य अनुवादक कसा शोधावा

स्पेनमधल्या आलिकान्तेजवळ घर घेणारं स्लोव्हाकियाच्या राजधानीतलं, ब्रातिस्लाव्हाचं कुटुंब असो की स्लोव्हाकियातल्याच नित्राच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारी स्पॅनिश कंपनी, करार एका भाषेत आणि सही करणारा दुसऱ्या भाषेतला असला की अनुवादक लागतोच. (नित्रातला जग्वार लँड रोव्हरचा कारखाना टाटा समूहाचा, तेव्हा असा कागद आपल्यापैकी कुणाच्या टेबलावरही येऊ शकतो.)

आधी ठरवा, कागद दाखल कुठे होणार. नुसता समजून घ्यायचा असेल तर कायद्याची भाषा जाणणारा अनुवादक पुरे. अधिकृत अनुवादकाच्या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नका. स्लोव्हाकियातल्या कोर्टात द्यायचा असेल तर तिथल्या न्याय मंत्रालयाच्या यादीतला अधिकृत अनुवादक शोधा. २००४ च्या ३८२ क्रमांकाच्या कायद्याखालची ही यादी इंटरनेटवर खुली आहे आणि तिच्यात भाषेनुसार शोधता येतं. कागद स्पेनमध्ये जाणार असेल तर शपथबद्ध अनुवादक, म्हणजे ‘त्रादुक्तोर हुरादो’ लागतो. त्यांची यादी तिथलं परराष्ट्र मंत्रालय देतं. एका देशाचा शिक्का दुसरीकडे चालेलच असं धरून चालू नका. ज्या कार्यालयात कागद द्यायचा, तिथेच विचारा.

शोधताना भाषेचं नाव दोनदा वाचा. स्लोव्हाक वेगळी, स्लोव्हेन वेगळी. स्पॅनिशमध्येही ‘एस्लोवाको’ आणि ‘एस्लोवेनो’ इतकी जवळची नावं आहेत की घाईत चूक होते.

दोन-तीन नावं हाती लागली की प्रत्येकाला एकच शब्द विचारा: ‘आर्रास’. मराठी माणसाला हा लगेच कळेल, कारण आपल्याकडे विसार आहे. स्पॅनिश नागरी संहितेच्या १४५४ व्या कलमानुसार विसार देऊन खरेदीदाराने माघार घेतली तर रक्कम बुडते, विकणाऱ्याने घेतली तर त्याला दुप्पट परत द्यावी लागते. ‘आर्रास’चे इतर प्रकारही असतात, त्यामुळे करारात कोणता अभिप्रेत आहे हे जो उलट तुम्हालाच विचारतो, तो माणूस कामाचा. ‘आर्रास’ला स्लोव्हाकमध्ये नुसतं ‘झालोहा’, म्हणजे आगाऊ रक्कम, लिहून मोकळा होणारा अनुवादक तुमचे हजारो युरो पणाला लावतो. ‘फियान्सा’चंही तसंच. घरभाड्याच्या करारात ती अनामत असते, कर्जाच्या कागदात जामीनकी.

युरोपीय संघाच्या कायद्यांचा उल्लेख असेल तर युर-लेक्सवर, म्हणजे संघाच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर, स्पॅनिश आणि स्लोव्हाक मजकूर शेजारी-शेजारी उघडतो. तिथलीच परिभाषा वापरायला सांगा.

दर ठरवताना ‘पान’ म्हणजे काय ते विचारून घ्या. स्लोव्हाकियात बहुधा मोकळ्या जागांसह १,८०० अक्षरांचं एक पान धरतात. शिक्क्याचा अनुवाद मूळ कागदाला जोडला जातो, म्हणून मूळ प्रत द्यायची की नोटरीने साक्षांकित केलेली, हेही आधीच ठरवा.

आणि सहीपूर्वी करारात एक कलम घालून घ्या: दोन्ही मजकुरांत फरक निघाला तर कोणत्या भाषेतली प्रत ग्राह्य धरायची.