‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चे पार्श्वसंगीत घरी कसे ऐकावे

डेव्हिड लीन यांच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) या चित्रपटाचे ऑस्करविजेते संगीत लोकलमध्ये येता-जाता ऐकले, तर त्यातली एक धून तेवढी लक्षात राहते. पण संगीतकार मॉरिस जार यांनी ती धून कुठे राखून ठेवली आणि कुठे सढळ हाताने उधळली, हे कळायचे असेल तर घरी निवांत बैठक जमवावी लागते.

नौपाड्यात आमच्या खिडकीखालचे रिक्षांचे हॉर्न अकराच्या आत थांबत नाहीत, म्हणून रात्री उशिराच बसावे. चित्रपट सुमारे पावणेचार तासांचा असल्याने दुसऱ्या दिवशी सुट्टी असलेली बरी. टीव्हीवरचा ‘नाइट मोड’ बंद करावा, कारण तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो, आणि या संगीताचा सारा डौल त्या फरकावरच उभा आहे. शेजाऱ्यांची झोपमोड नको असेल तर हेडफोन लावावा, मात्र पंखा बंदच ठेवावा. ओंद मार्तनो या विद्युत वाद्याचा कापरा, गळ्यातून निघाल्यासारखा स्वर पहिल्या खेपेस पंख्याच्या घरघरीत माझ्या कानांवरून निसटून गेला होता. अर्थात मे महिन्यात ठाण्यात हा प्रयोग करण्याचा आग्रह मी कोणालाही करणार नाही.

आरंभी काही मिनिटे पडदा काळाच राहतो आणि केवळ वाद्यवृंद वाजतो. काहीतरी बिघडले असे समजून चित्रपट पुढे सरकवू नये. संगीत नाटकात नांदीचे जे काम, तेच इथे या वादनाचे आहे. दिवे मालवून प्रथम टिंपनीकडे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांकडे लक्ष द्यावे. जार स्वतः तालवाद्ये शिकलेले होते, आणि ढोलताशाला सरावलेल्या आपल्या कानांना तिथूनच आत शिरणे सोपे जाते. मुख्य धून गुणगुणता येईपर्यंत हा भाग पुन्हा लावावा.

पुढे लॉरेन्स पेटती काडी फुंकतो आणि एकदम वाळवंटाचे क्षितिज दिसते. हा तुकडा आधी आवाज बंद करून, मग डोळे मिटून आणि शेवटी नेहमीसारखा पाहावा. फुंकरीबरोबर धून कोसळत नाही. सूर्य वर येईपर्यंत जार यांनी तिला थोपवून धरले आहे, हे तिसऱ्या वेळी स्पष्ट कळते.

विहिरीच्या प्रसंगात शरीफ अली मृगजळातून उंटावर येतो, तेव्हा संगीत नाहीच; हेडफोनची वायर तपासत बसू नये. उलट मोबाइलवर मुख्य धून लावून हाच प्रसंग पुन्हा पाहावा. दूरचा तो काळा ठिपका लगेच नायक वाटू लागतो, आणि येणारा मित्र की वैरी ही धास्ती पार विरून जाते.

मध्यंतरानंतर पुन्हा काही वेळ नुसता वाद्यवृंदच वाजतो, तेव्हा चहाचा कप घेऊन त्याआधीच जागेवर यावे.